कासवं चार-पाच आणि बजेट बेताचं: लॉफ्ट टँक, बादली फिल्टर आणि बाकीच्या सामानाचा रिव्ह्यू

पुण्यात घरोघरी दिसणारं पाण्यातलं कासव म्हणजे लाल कानांचं स्लायडर. एकाला सोबत म्हणून दुसरं येतं, कुणी शहर सोडताना आपली दोन आणून ठेवतं, आणि तीन-चार वर्षांत घरात पाच कासवं, एक दोन फुटी काचेची पेटी आणि महिनाअखेरीची चिंता एवढं सगळं साठतं. ही चिंता रास्त आहे. मादीची पाठ 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर 20 च्या आसपास थांबतो, आणि नीट ठेवलं तर हे जनावर सहज 20-30 वर्षं जगतं. अशा घरासाठी दुकानातलं कोणतं सामान पैसे वसूल करतं, कोणतं घेऊच नये आणि बोहरी आळी, तपकीर गल्ली, मार्केट यार्डातल्या साध्या वस्तूंतून काय उभं राहतं, त्याचा हा रिव्ह्यू. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून रुपये अंदाजाने धरावेत.

आधी लिटरचा हिशेब, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो. पाळणाऱ्यांत चालत आलेला ठोकताळा असा: पाठीच्या दर इंचाला सुमारे 38 लिटर पाणी, आणि त्याच टाकीत पुढच्या प्रत्येक कासवासाठी त्याच्या हिशेबाच्या निम्मं. म्हणजे आठ इंची एका कासवाला 300 लिटर. तशी तीन असतील तर 300 अधिक 150 अधिक 150, एकूण 600. चार इंची तीन पिल्लांना मात्र 300 लिटर पुरतं. आज पुरणारी टाकी दोन वर्षांनी अपुरी पडते ती यामुळेच. खरेदी करताना कासवाचं आजचं माप धरू नका, मोठेपणीचं धरा.

दुकानात पिल्लासोबत मिळणारा तयार सेट, म्हणजे मधे बेट आणि प्लास्टिकचं माडाचं झाड असलेलं पारदर्शक भांडं, घेऊ नका. त्यात दोन-तीन लिटर पाणी मावतं, ते एका दिवसात आंबतं, बेटावर एकच पिल्लू चढतं आणि दिवा लावायला जागाच नसते. “भांडं लहान ठेवलं की कासव लहानच राहतं” असं विकताना सांगतात, ते साफ चुकीचं आहे. अपुऱ्या जागेत आणि घाण पाण्यात कासव खुरटतं, कवच वेडंवाकडं होतं आणि डॉक्टरांचं बिल भांड्याच्या कितीतरी पट येतं.

काचेची पेटी दिसायला देखणी, पण चार-पाच मोठ्या कासवांसाठी पैशाचा अपव्यय. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटी काठोकाठ भरली तरी 250 लिटरच्या आतच राहते. स्टँड धरून ती दहा हजारांच्या आसपास जाते. पिल्लं दीड-दोन वर्षांची होईपर्यंत किंवा आजारी कासव वेगळं ठेवायला जुनी पेटी उपयोगी आहे, म्हणून असेल ती विकू नका. नवी मात्र घेऊ नका.

आमची पहिली पसंती लॉफ्ट टँकला. माळ्यावर ठेवायची ही आडवी, बुटकी पाण्याची टाकी प्लंबिंगच्या कोणत्याही दुकानात मिळते. 500 लिटरची टाकी साधारण चार-पाच हजारांत येते आणि तिचा तळ चार फूट बाय तीन फुटांच्या जवळपास असतो. मापं कंपनीगणिक वेगळी असतात, तेव्हा टेप घेऊन जा. आतून काळा थर असलेली घ्या, शेवाळ कमी धरतं.

टाकीला वर फक्त झाकणाचं भोक असतं, त्यामुळे माथा कापावा लागतो, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. माथा भिंतीला लागून सगळा काढला की टाकीचा ताण जातो आणि पाणी भरताच लांब बाजू बाहेर फुगतात. चारी बाजूंनी सात-आठ सेंटिमीटरची कड शाबूत ठेवून मधला भाग जिगसॉने किंवा हॅकसॉच्या पात्याने कापा आणि कापलेली धार कानशीने घासून गोल करा. या कडेमुळे टाकीचा आकार टिकतो आणि कासवालाही बाहेर पडता येत नाही. स्लायडर कोपऱ्यात नखं रोवून, दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन चढतं, हे विसरू नका. तळाजवळ एक इंची टँक निपल (टाकीच्या भोकात बसणारा पाइपचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबर अर्ध्या तासात करून देतो, आणि पाणी बदलायला बादल्या उपसाव्या लागत नाहीत. निपलच्या तोंडाशी आतून जाळी हवीच, नाहीतर पिल्लाचा पाय ओढला जातो.

टाकीवर 500 लिटर लिहिलेलं असलं तरी कासवाला मिळतं त्यापेक्षा बरंच कमी. 4×3 फुटांच्या तळावर 30 सेंटिमीटर पाणी भरलं तर होतात 330 लिटर. याहून जास्त भरण्याआधी स्लॅबचा विचार करा. भारतीय मानकानुसार राहत्या खोल्यांचे स्लॅब चौरस मीटरला 200 किलो आणि गॅलऱ्या किमान 300 किलो वापरभार धरून आखतात. 30 सेंटिमीटर पाणी म्हणजेच चौरस मीटरला 300 किलो, वर टाकी आणि दगड वेगळे. म्हणून खोलीत ठेवायची तर टाकी बीमवरच्या भिंतीला लागून ठेवा, मध्यावर नको. वाढीव, बाहेर काढलेल्या गॅलरीत तर ठेवूच नका. वाड्यातल्या लाकडी मजल्यावर हा बेतच सोडून द्या. तळमजल्याचं अंगण किंवा सोसायटीच्या परवानगीने गच्चीचा सावलीतला कोपरा असेल तर उत्तम.

थोडक्यात, वरच्या ठोकताळ्याने एका लॉफ्ट टँकचं पाणी एका आठ इंची कासवापुरतंच. त्याहून कमी पाण्यावर भागवायचं तर एक मोठी मादी बरी राहते, दोन जेमतेम, आणि तिसरी भक्कम फिल्टर असेल तरच. पाच मोठ्या कासवांना किमान दोन टाक्या लागतातच. हे पचायला जड आहे, पण पाच जणांना एका टाकीत कोंबून वाचवलेले पाच हजार पुढे कवच कुजण्याच्या आणि चावल्याच्या जखमांवर जातात. तात्पुरती सोय म्हणून 200 लिटरचा निळा ड्रम उभा चिरून त्याचे दोन हौद करतात. पिल्लांना तेही चालतात. फक्त ड्रममध्ये आधी खाद्यपदार्थ होते याची खात्री करून घ्या. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नका.

ऊन खायच्या जागेसाठी तयार तरंगते बेट आणि चुंबकी फळ्या मिळतात. लहानांसाठी ठीक. मोठी मादी दीड-दोन किलोची होते, ती चढताच बेट एका बाजूला कलतं आणि चोषक निसटतात. त्यापेक्षा मार्केट यार्डात मिळणारा भाजीचा प्लास्टिक क्रेट पालथा घाला, वर खडबडीत काथ्याची चटई केबल टायने आवळा आणि पाण्यात उतरता जाईल असा दुसऱ्या क्रेटचा कापलेला तुकडा उतार म्हणून जोडा. शे-दोनशे रुपयांत दोन कासवं एकदम बसतील अशी जागा होते. क्रेटच्या चारही बाजू मात्र खालपर्यंत बंद हव्यात. कासव फुफ्फुसाने श्वास घेतं. खाली शिरून अडकलं तर ते पाण्यातच बुडून मरतं.

आता फिल्टर. पैसे कमी असतील तर टाकी जुनी घ्या, दिवा उशिरा घ्या, पण फिल्टरमध्ये काटकसर नको. कासवाची घाण माशांच्या कितीतरी पट असते. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया बनतो, फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती मोडली की पाणी काचेसारखं दिसूनही डोळ्यांना चरचरणारं असतं.

दुकानदार पहिल्यांदा हातात ठेवतो तो पाण्यात बुडवायचा छोटा आतला फिल्टर. त्याचा स्पंज मुठीएवढा. एका पिल्लाला बरा, तीन कासवांसमोर दोन दिवसांत तुंबतो. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, चांगला, पण डब्यावर लिहिलेल्या क्षमतेवर जाऊ नका. तो आकडा माशांच्या टाकीसाठी असतो. कासवांसाठी आपल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो, म्हणजे 330 लिटरला सातशे ते हजार लिटरच्या टाकीचा. त्याची किंमत बेताच्या बजेटला झेपत नाही. शिवाय वीज चार-पाच तास गेली तर बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरतात. वीज आल्यावर डब्यातलं पहिलं पाणी टाकीत न जाऊ देता मोरीत सोडावं लागतं.

म्हणून बादली फिल्टर. सामान असं: रंगाची 20 लिटरची रिकामी बादली झाकणासकट, स्वच्छ धुतलेली, पाण्यात विरघळणाऱ्या इमल्शनची. तपकीर गल्लीत मिळणारा कूलरचा 18 वॅटचा सबमर्सिबल पंप. अर्धा इंची नळी, दीड इंची पीव्हीसी पाइप आणि त्याचा टँक निपल. भांडी घासायच्या नायलॉनच्या आठ-दहा जाळ्या, तारेच्या मुळीच नको. जाड छिद्रांच्या फिल्टर फोमच्या दोन चकत्या. आणि फुटक्या, बिनरंगाच्या मातीच्या कुंडीचे किंवा कौलाचे तीन-चार किलो तुकडे. सगळं मिळून हजार-बाराशेत बसतं.

पंप टाकीच्या दूरच्या कोपऱ्यात, जाळीदार टोपलीत ठेवा. नळी बादलीच्या झाकणातून आत घेऊन थेट तळापर्यंत सोडा, म्हणजे पाणी खालून वर चढेल. तळाशी नायलॉनच्या जाळ्या, त्यावर फोम, सगळ्यात वर कौलाचे तुकडे. बादलीच्या काठाखाली चार बोटांवर दीड इंची पाइप बसवा आणि तो टाकीत उतरवा. येणारी नळी अर्धा इंची आणि जाणारा पाइप दीड इंची हे प्रमाण पाळा. दोन्ही सारखे ठेवले की फोम थोडा तुंबताच बादली वरून वाहते आणि सकाळी घरभर पाणी. बादलीच्या तळाशी एक छोटा नळ ठेवलात तर आठवड्याला तो उघडून गाळ काढता येतो.

कूलरच्या पंपावर ताशी 1100 लिटर वगैरे लिहिलेलं असतं, पण पाणी मीटरभर चढवताना ते निम्म्यावर येतं. 330 लिटर पाणी तासात दोनदाही फिरत नाही. म्हणून एका टाकीला दोन पंप, दोन बादल्या ही जोडी खरी पुरेशी. एक बंद पडला तर दुसरा निभावतो, आणि दोन्ही एकाच दिवशी धुवायचे नाहीत एवढं पथ्य पाळलं की जिवाणूही टिकतात. 18 वॅटचा पंप अखंड चालला तर महिन्याला सुमारे 13 युनिट खातो. या पंपांची खोड म्हणजे दीड-दोन वर्षांत सील जाऊन पाण्यात करंट उतरू शकतो. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पाण्यात काहीही विजेचं सोडू नका, आणि प्लग टाकीपेक्षा उंच ठेवून वायरला खाली झोका द्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जात नाहीत.

फोम नळाखाली धुऊ नये. महापालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी रात्रभर उघड्या पिंपात ठेवा किंवा क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे वापरा, 100 लिटरला एक ग्रॅम भरपूर झाला. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं त्याच दिवशी पाणी बदलायचा बेत ठेवू नका. उंड्री, वाघोलीकडे टँकर किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कासवाला अपाय नाही, पण हीटरवर आणि कवचावर पांढरा थर धरतो, तो मऊ ब्रशने काढावा.

उन्हाच्या बाबतीत पुणेकर भाग्यवान. कवच घट्ट व्हायला लागणारं ड जीवनसत्त्व उन्हातल्या यूव्ही-बी (अतिनील) किरणांतून मिळतं, आणि ऑक्टोबर ते मे ते फुकट आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी अर्धा-पाऊण तास, निम्मी सावली असलेल्या टबात. काचेच्या पेटीत उन्हात ठेवू नका, काच यूव्ही-बी अडवते आणि पाणी मात्र तापवते. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत आटपा. वर जाळी घाला, घारी आणि कावळे पिल्लू उचलतात. दिवा लागतो तो पावसाळ्यात. 5.0 किंवा 10.0 (यूव्ही-बीच्या जोराचा आकडा) लिहिलेली सरळ नळी कॉम्पॅक्ट बल्बपेक्षा चांगली, कारण प्रकाश दोघातिघांवर पसरतो. नळी पेटत राहते पण यूव्ही-बी सहा ते बारा महिन्यांच्या रोजच्या वापरात उतरतं. फक्त जून ते सप्टेंबर वापरलीत तर दोन पावसाळे निघतात. शेकण्यासाठी “रेप्टाइल” लिहिलेला महाग बल्ब नको, पोर्सेलिनच्या होल्डरमध्ये साधा 50 वॅटचा हॅलोजन तेच काम करतो. बसायच्या जागी थर्मामीटरवर 32 ते 35 अंश आले की पुरे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त “यूव्ही” दिव्यांत काही नुसते जांभळे एलईडी असतात, आणि पाणी निर्जंतुक करायची यूव्ही-सी नळी तर डोळे जाळते. ती कधीही उघडी लावू नका.

हीटरचा खर्च सगळ्यात जास्त. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि पाणी 20 च्या खाली गेलं की कासवाचं खाणं कमी होतं. 300 वॅटचा हीटर निम्मा वेळ चालला तरी महिन्याला 108 युनिट. टाकीखाली आणि बाहेरून चारी बाजूंनी इंचभर थर्माकोल लावा, रात्री वर प्लायचा तुकडा टाका, हा आकडा बराच खाली येतो. थर्माकोल आत जाऊ देऊ नका, कासवं ते खातात. काचेचा हीटर मोठी मादी धडकेने फोडते. भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात तो घाला.

खाण्यावर मात्र फार पैसे लागत नाहीत. मोठं स्लायडर मुख्यतः पाला खातं. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याची पानं, किसलेला लाल भोपळा आणि गाजर रोज चालतं. पालक, माठ क्वचित, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. गोळ्यांचं खाद्य मोठ्यांना दिवसाआड, त्याच्या डोक्याएवढं. पाच कासवांना महिन्याला 300 ग्रॅमच्या आसपास लागतं, तेव्हा पन्नास ग्रॅमच्या डब्या न घेता किलोचं पाकीट घ्या आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा. बुरशी आलेलं फेकून द्या. सुकवलेल्या झिंग्यांचा पिवळा डबा हा नुसता खाऊ, जेवण नव्हे, आणि बाजारातला सुका जवळा फार खारट. कॅल्शियमसाठी महागडे ठोकळे विकतात. काष्ठौषधींच्या दुकानातलं समुद्रफेस तेच काम दहा-वीस रुपयांत करतं. मागची कडक साल सोलून तुकडा पाण्यात सोडा.

हाताळल्यावर साबणाने हात धुणं आणि फोम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न पिळणं याला पर्याय नाही. कासवांकडून माणसाला लागणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूमुळे अमेरिकेत 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर ते कासवापासून लांबच ठेवा.

संख्या कमी करायची वेळ आलीच तर कोणतं कासव द्यायचं ते नरांपासून ठरवा. पुढची नखं लांब, शेपूट जाड ते नर. दोन नर एका टाकीत भांडतात, आणि एक नर एकाच मादीमागे लागला तर तिला खाऊ देत नाही. माद्या नराशिवायही अंडी घालतात. त्यांना फूटभर खोल ओल्या वाळू-मातीची पेटी मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि शस्त्रक्रियेचा खर्च येतो. हाही खर्च मोजूनच माद्या किती ठेवायच्या ते ठरवा.

पाषाण किंवा कात्रजच्या तलावात, मुठेत सोडणं हा मार्ग नाही. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं कासव आययूसीएन या निसर्ग संवर्धन संघटनेच्या जगातल्या 100 सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे. इथल्या कासवांची जागा आणि अन्न ते बळकावतं. उलट, कुणी स्टार कासव किंवा मऊ पाठीचं देशी कासव देऊ केलं तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती पाळणं गुन्हा आहे. तसं कासव सापडलं तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.

स्लायडर द्यायचं ते ओळखीतल्या, मोठी टाकी आधीच चालू असलेल्या घरी द्या, आणि दिवा, खाद्य यांबरोबर आपल्या बादलीतला एक वापरलेला फोम टाकीच्याच पाण्यात भिजता ठेवून पाठवा. फुकट कासव मागणाऱ्याला आधी टाकीचा आणि फिल्टरचा फोटो मागा. फोटो आला नाही तर कासव देऊ नका.